भाडेकरू भाडंही देत नाही आणि निघतही नाही, मग करायचं काय?

आमच्या चिपळूणच्या घराचा भाडेकरार २२ जुलै २०२१ च्या पुरात गेला. खालच्या मजल्यावर भाडेकरू, वर आम्ही, आणि कागदपत्रांची पत्र्याची पेटी जिन्याखालच्या कपाटात. पाणी चढायला लागलं तशी माणसं वर घेतली, सिलिंडर वर घेतले, तांदळाची कणगी वर घेतली, पेटी राहिली. आठवड्याने चिखलातून काढली तर आतले कागद एकमेकांना चिकटून लगदा झालेले, आईने एकेक सोडवून दोरीवर चिमटे लावून वाळत घातले. करारावरची शाई पार धुऊन गेली होती, शंभर रुपयाच्या स्टॅम्पपेपरचा वरचा छापील भाग तेवढा वाचता येत होता आणि खाली नोटरीचा निळा डाग.

तेव्हा वाटलं कागद भिजला म्हणून आपलं नुकसान झालं. नंतर वकीलबाईंनी सांगितलं की अहो तो कागद कोरडा असता तरी फार कामाचा नव्हता, त्याची नोंदणीच झालेली नाही. त्या एका वाक्याचा पूर्ण अर्थ कळायला मला पुढची दोन वर्षं लागली आणि आईची झोप गेली ती वेगळीच. आता गणपतीला गावी आलेले नातेवाईक, मुंबईतले ओळखीचे, सगळे मला हेच विचारतात की भाडेकरू भाडं देत नाहीये, काय करू, कुलूप लावू का, लाईट तोडू का. म्हणून एकदा नीट लिहून काढतेय. मी वकील नाही, पण हा रस्ता पायी चाललेय.

आधी आमचं काय झालं ते. भाडं महिना ५,००० रुपये. भाडेकरू चांगलाच होता, बाजारात छोटं दुकान, आईला काकी म्हणायचा, त्याची बायको आईबरोबर पापड लाटायला बसायची. पुरात त्याच्या दुकानातला सगळा माल गेला. आईने आपणहून सांगितलं की दिवाळीपर्यंत भाडं देऊ नकोस, आधी उभा राहा. ते तिने केलं ते बरोबरच केलं, आजही माझं तेच मत आहे. दिवाळी झाली, नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, "काकी जरा ओढाताण आहे, पुढच्या महिन्यात एकदम देतो" असं करत करत २०२२ चा शिमगा आला. मग तो जिन्यात समोर आला तरी मान खाली घालून जायला लागला. एक दिवस माझ्या भावाने आवाज चढवला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, मी भाडेकरू आहे, मला असं काढता येत नाही, कोर्टात जा. आणि खरं सांगायचं तर तो कायद्याने बरोबर बोलत होता.

इथे मुळातली गोष्ट समजून घ्यायला लागते. आपण बोलताना सरसकट "भाड्याने दिलं" म्हणतो पण कायद्यात घर दुसऱ्याला राहायला द्यायचे दोन वेगळे प्रकार आहेत. एक म्हणजे भाडेपट्टा, त्यात समोरचा भाडेकरू होतो आणि त्याला त्या जागेत एक हक्क मिळतो, जो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ (तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे) राखून धरतो. दुसरं म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे नुसती वापराची परवानगी, तीही ठरलेल्या मुदतीपुरती, त्यात जागेत हक्क काही तयार होत नाही. पाहुण्याला आपण पडवीत झोपायला देतो म्हणून पडवी त्याची होत नाही, तसंच, फक्त इथे तो पैसे देतोय आणि कागद केलाय. राहणारा माणूस तोच, खोली तीच, पैसे तेवढेच, पण तो नाही निघाला तर पुढे कुठल्या दारात जायचं आणि किती वर्षं जाणार हे या दोन शब्दांवर ठरतं. आणि तो शब्द तुम्ही किल्ली हातात देता त्या दिवशीच ठरलेला असतो, भांडण झाल्यावर बदलता येत नाही.

कोकणात या सगळ्यात अजून एक भीती मिसळलेली आहे, कूळ लागण्याची. माझ्या माहितीतली कितीतरी चिरेबंदी घरं वर्षानुवर्षं कुलपात आहेत, कौलं सरकतायत, वाळवी लागलीय, पण चाकरमानी मालक कुणाला राहायला देत नाहीत कारण आजोबांच्या वेळी जमीन कुळाकडे गेली ती जखम घरात अजून ताजी आहे. ती गोष्ट खरी आहे, १९४८ च्या कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला आणि त्या दिवशी जमीन कसणारी बहुतेक कुळं मालक मानली गेली. पण तो कायदा शेतजमिनीचा. घरात राहणारा भाडेकरू त्या कायद्याने घराचा मालक होत नाही, भाडेकरू आणि कूळ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एक काळजी मात्र घ्या, घराबरोबर परडं, आंब्याची कलमं, काजू "तुम्हीच बघा हो जरा" म्हणून तोंडी देऊन टाकू नका. कराराच्या कागदात घराचा नंबर, खोल्या, क्षेत्रफळ लिहा आणि जमीन व झाडं यात येत नाहीत हे स्पष्ट लिहा, झाडांचं काय ते वेगळं ठरवा.

आणि "बारा वर्षं राहिला की घर त्याचं" हे जे कट्ट्यावर ठामपणे सांगतात ना, ते भाडेकरूच्या बाबतीत चुकीचं आहे. बारा वर्षांचा नियम आहे तो मालकाच्या विरोधात, मालकी नाकारून उघड ताबा ठेवणाऱ्याचा. भाडेकरू तुमच्या परवानगीने आत आलेला असतो, आणि तुमच्याकडून जागा घेतलेल्या माणसाला तिथे राहून तुमचीच मालकी नाकारता येत नाही. फक्त परवानगीचा पुरावा पाहिजे, म्हणजे परत कागदच. ग्रामपंचायतीत नमुना ८ च्या उताऱ्यावर भोगवटादार म्हणून भाडेकरूचं नाव लागलंय का तेही अधूनमधून बघा. घरपट्टीच्या उताऱ्याने मालकी ठरत नाही हे खरं, पण उद्या वाद झाला की तोच उतारा नाचवला जातो.

आता कागद म्हणजे नक्की कुठला. ११ महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही असं आपल्याकडे सगळे मानतात, आम्हीही मानलं. ती समजूत नोंदणी कायद्यातून आली, तिथे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे म्हणून लोक एक महिना कमी करतात. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं की भाडेकरार असो नाहीतर लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी पाहिजे आणि नोंदवलेलाच पाहिजे, आणि ११ महिन्यांना त्यात सूट नाही. नोंदणी करायची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कलमात लिहिलंय. पण त्याहून महागात पडणारी ओळ पुढे आहे, नोंदवलेला कागद नसेल तर कुठल्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, उलटं सिद्ध करणं मालकावर. आमच्याकडे नेमकं हेच झालं. आम्ही म्हणत होतो लायसन्स, तो म्हणाला मी महिनेवारी भाडेकरू आहे, आणि आमच्या हातात होता एक धुतलेला स्टॅम्पपेपर. नोंदवलेला करार असता तर तो पुरात वाहून गेला तरी दुय्यम निबंधकाच्या रेकॉर्डला राहिला असता, नक्कल परत काढता आली असती.

नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स असेल, राहण्यासाठी दिला असेल आणि मुदत संपूनही माणूस निघत नसेल तर रस्ता कसा आहे बघा. भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २४ खाली साध्या कोर्टात जावं लागत नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. लेखी लायसन्स करारात जे लिहिलंय ते तिथे निर्णायक पुरावा धरतात, म्हणजे समोरच्याला "मी खरा भाडेकरूच आहे हो" अशी नवीन कहाणी रचायला जागा राहत नाही. त्याला समन्स मिळालं की ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, नाही मागितली तर तुमचं म्हणणं त्याला मान्य आहे असं धरून ताब्याचा आदेश निघू शकतो. त्या आदेशावर अपील नाही, ९० दिवसांत फेरतपासणीचा अर्ज तेवढा करता येतो. आणि मुदतीनंतर जितके दिवस तो राहिला तितक्या दिवसांची नुकसानभरपाई लायसन्स फीच्या दुप्पट दराने, म्हणजे महिना ७,००० ठरले असतील तर १४,०००. ही दुप्पटची अट कळली ना की बरेच जण आदेशापर्यंत थांबतच नाहीत. आपल्यासाठी एक अडचण आहे, कोकण विभागाच्या सक्षम प्राधिकाऱ्यांचं ऑफिस मुंबईला, त्यामुळे मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाला तारखेला तुतारी नाहीतर कोकणकन्या एक्सप्रेस पकडायला लागते. तरीसुद्धा सांगते, इथल्या दिवाणी दाव्यापेक्षा तो प्रवास परवडला.

मुदत संपताना एक चूक फार होते. करार मार्चला संपला, नवीन केला नाही, आणि तरी दर महिन्याला फोनवर भाडं येतंय नि आपण घेतोय. सहा महिने, वर्ष असंच चालतं आणि मग तो सांगतो की करार संपल्यावर तुम्ही मला भाडेकरू म्हणून ठेवलंत, हे बघा बँकेचे पुरावे. मुदत संपायच्या महिनाभर आधीच ठरवून टाका, ठेवायचाय तर नवीन करार नोंदवा, नसेल ठेवायचा तर लेखी कळवा. मधल्या काळात पैसे घ्यायचेच झाले तर ते जागेच्या वापराची भरपाई म्हणून, हक्क राखून घेतोय असं लेखी, निदान मेसेजवर तरी टाका.

लायसन्सचा कागद नसेल तर आमचा रस्ता, भाडेकरूचा. इथे कलम १५ आणि १६. कलम १५ चं सार असं की भाडेकरू भाडं द्यायला तयार आहे तोवर त्याला काढता येत नाही. थकबाकीसाठी काढायचं तर आधी लेखी नोटीस, किती महिन्यांचं किती थकलंय ते स्पष्ट लिहून, पोचपावतीने. नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस थांबायचं, त्याआधी दावा लावताच येत नाही. आम्ही २०२२ च्या जुलैत नोटीस दिली, पोचपावतीवर त्याच्या बायकोची सही आली, आईला ती सही बघून वाईट वाटलं. ऑक्टोबर संपताना दावा दाखल केला. मुंबईत असले दावे लघुवाद न्यायालयात जातात, आपल्याकडे तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्या कोर्टात. समन्स लागायला जानेवारी उजाडला.

आणि मग जे झालं त्याने आम्ही चक्रावलोच. एप्रिल २०२३ ला तो वकील घेऊन आला आणि सगळी थकबाकी कोर्टात भरून मोकळा झाला, १७ महिन्यांचे ८५,००० रुपये, वर दरसाल १५ टक्क्यांनी सरळव्याज आणि दाव्याचा खर्च. आम्हाला वाटलं आता तरी निघेल. वकीलबाई म्हणाल्या, नाही निघणार, समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळे पैसे व्याजासकट भरले आणि दावा संपेपर्यंत नियमित भरत राहिला तर थकबाकीच्या कारणावरून कोर्ट त्याला काढणारच नाही, कायद्यानेच ती संधी दिलीय. म्हणजे थकबाकीच्या दाव्याने तुमचे पैसे येतील, पण घर येईलच असं नाही. हे मालकांना आधी कुणीच सांगत नाही, म्हणून ठळकपणे सांगतेय. ही तरतूद चुकीची आहे असंही माझं म्हणणं नाही, दोन-चार वाईट महिने आले म्हणून पोराबाळांसकट माणूस रस्त्यावर येऊ नये यासाठीच ती आहे. पण मालकाने दावा टाकताना हे माहीत ठेवून टाकावा.

घरच हवं असेल तर कलम १६ मधली कारणं बघायची. स्वतःला किंवा घरच्यांना खरोखर गरज आहे, भाडेकरूने तुमच्या परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवलाय, पक्कं बांधकाम केलंय, जागेची नासधूस केलीय, शेजाऱ्यांना उपद्रव होतोय, किंवा सबळ कारण नसताना सलग सहा महिने जागा वापरलीच नाही. आपल्याकडे हे शेवटचं बरंच दिसतं, माणूस मुंबईला मुलाकडे जाऊन राहतो आणि इथे फक्त कुलूप लावून ठेवतो. गरजेच्या कारणात कोर्ट दोन्ही बाजूंची अडचण तोलून बघतं, मालकाला जागा नाही मिळाली तर काय त्रास आणि भाडेकरूला सोडायला लागली तर काय त्रास. त्यामुळे मुलाचं लग्न ठरलंय, पायामुळे आईला जिना चढवत नाही, मुलगा परत येऊन इथे धंदा करणार, जे काही असेल त्याचे कागद लागतात, डॉक्टरांचे, नोकरी सोडल्याचे वगैरे.

आता ती मनात येणारी गोष्ट, कुलूप. आमच्या आईने सुद्धा एका रागाच्या दिवशी बाजारातून नवीन कुलूप आणून ठेवलं होतं, भाडेकरू मे महिन्यात आठ दिवस सासुरवाडीला गेला होता तेव्हा लावायचं ठरलं होतं. वकीलबाईंनी फोनवर अक्षरशः ओरडून थांबवलं. कायद्याच्या मार्गाशिवाय ज्याला जागेतून बाहेर काढलं तो सहा महिन्यांच्या आत विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली दावा करून ताबा परत मिळवू शकतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्न कोर्ट बघतच नाही, फक्त ताबा कुणाचा होता आणि तो कसा गेला एवढंच बघतं. म्हणजे तुम्ही मालक असून तुमच्याच घरात त्याला कोर्ट परत बसवणार, वर सामान गेलं, दागिने गेले अशी पोलीस तक्रार आली की तुम्हीच आरोपी.

लाईट-पाण्याचंही तेच. मीटरचा फ्यूज काढणं, विहिरीवरच्या पंपाचा स्विच आपल्या खोलीत घेणं, टाकीचा कॉक फिरवणं, संडासाची वाट बंद करणं, हे सगळं भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये येतं, अत्यावश्यक सेवा तोडणं हा गुन्हा आहे आणि भाडेकरू कोर्टात जाऊन ती पुन्हा चालू करून घेऊ शकतो. शिवाय तुमच्या खऱ्या तक्रारीवर त्याचा डाग पडतो, कोर्टात तुम्ही पैसे बुडालेला मालक न राहता पाणी तोडणारा मालक होता. पोलिसांकडे गेलात तर ते सांगतात हा दिवाणी मामला आहे, आणि भाडं थकल्यापुरतं ते बरोबर आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची ती जरूर द्या, पण ती पावती म्हणजे भाडेकरार नव्हे, बऱ्याच जणांना वाटतं पोलिसात नोंद केली म्हणजे झालं.

मधल्या काळात काय करायचं तर पुरावे गोळा करायचे. भाडं शक्यतो बँकेतून घ्या, रोख घेतलंत तर सहीची पावती द्या, पावती देणं मालकावर कायद्याने बंधनकारकच आहे. "पुढच्या महिन्यात देतो" वाले मेसेज डिलीट करू नका, त्यात थकबाकीची कबुली असते. भाड्याचा चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग त्याला पैसे भरायला १५ दिवस, आणि तेवढ्यात नाही भरले तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार, या तारखा चुकल्या की ते हत्यार बोथट होतं. आणि थकलेलं भाडं वसूल करायची मुदत तीन वर्षं आहे. माझ्या एका मावसकाकांनी भिडेखातर सहा वर्षं वाट बघितली आणि मग मागायला गेले, पहिली तीन वर्षं दाव्यात मागताच आली नाहीत.

जागा कायद्याच्या यादीत येते का तेही एकदा बघायला हवं, कारण भाडे नियंत्रण कायदा प्रत्येक खेड्याला लागू नाही. कुठल्या भागांना लागू ते कायद्याच्या शेवटी परिशिष्टात दिलंय. तुमची वाडी त्यात नसेल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, त्यात महिनेवारी भाडेकरूला १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेपट्टा संपवता येतो आणि मग दिवाणी कोर्टात ताब्याचा दावा. तिथे भाडे नियंत्रणाचं संरक्षणही नाही आणि त्यातली झटपट सोयही नाही. दुकानाचा गाळा लायसन्सवर दिला असेल तर कलम २४ कामाला येत नाही, ते फक्त राहत्या जागेसाठी आहे, गाळ्यासाठी दिवाणी कोर्टच.

मोबाईलवर व्हिडिओ फिरतायत की दोन महिने भाडं थकलं की बाहेर, डिपॉझिट दोनच महिन्यांचं, मुदतीनंतर आधी दुप्पट मग चौपट भाडं. तो केंद्राचा आदर्श भाडेकरू कायदा, २ जून २०२१ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच लागू होतो, आणि आपल्याकडे भांडण उभं राहतं ते १९९९ च्या कायद्यावर. तो व्हिडिओ दाखवून भाडेकरूला दम देऊ नका, त्याच्या वकिलाला हे माहीत असतं.

आमचं प्रकरण सुटलं कसं ते सांगते. कोर्टात भरल्यावर त्याने तीन महिने नियमित भरलं आणि मग दोन महिने चुकवले. नियमित भरत राहणं ही त्या संरक्षणाची अट, ती मोडली म्हणून वकीलबाईंनी अर्ज दिला. तेव्हा त्याच्या वकिलानेच तडजोडीचं काढलं. २०२३ संपताना लोकअदालतीत बसलो, त्याचा मुलगा दहावीला होता, आईने सांगितलं परीक्षा होऊ दे, त्याने लिहून दिलं की ३१ मे २०२४ ला जागा सोडतो आणि तोवर भाडं दर महिन्याच्या ५ तारखेला. लोकअदालतीतल्या तडजोडीवर निवाडा होतो, त्यावर अपील नाही, त्याची अंमलबजावणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच होते, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. दावा लावायच्या आधीसुद्धा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून प्रकरण तिथे नेता येतं, हे मला आधी माहीत असतं तर आम्ही २०२२ लाच तिथे गेलो असतो. निघताना त्याने आईच्या पाया पडून किल्ली दिली. आई आत जाऊन रडली, का ते मी विचारलं नाही.

वर्षभर जागा रिकामीच ठेवली, पुराची ओल होती, प्लॅस्टर नवीन केलं, मीटर भिंतीवर वर चढवला. यंदा नवीन कुटुंब आलं तेव्हा ऑनलाईन नोंदणी केली. लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतो, आम्ही ११ चाच केला. मुद्रांक शुल्क पाव टक्का, ते मोजतात एकूण भाडं अधिक परतीच्या डिपॉझिटवर दरसाल १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्यावर. आमचं भाडं ७,००० आणि डिपॉझिट ३०,०००, म्हणजे ११ महिन्यांचे ७७,००० अधिक व्याजाचे २,७५०, त्याचा पाव टक्का जेमतेम २०० रुपये. नोंदणी फी नगरपालिका हद्दीत १,००० रुपये, खेड्यात ५००. वर करून देणाऱ्याची मजुरी. ज्या दाव्याला आमचे वकील फी, फेऱ्या, रजा धरून कितीतरी हजार गेले तो एवढ्या पैशात टळला असता.

करून देणारा मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला. भाडेकरूचा ठसा एका फटक्यात लागला. आईचा काही लागेना, पंधरा दिवस गावाला ओले काजूगर सोलत होती, चिकाने दोन्ही अंगठ्यांची सालं गेलेली. चार वेळा पुसून बघितलं, खोबरेल तेल लावून बघितलं, यंत्र लालच दाखवत राहिलं. तो मुलगा म्हणाला काकी दुसरं बोट लावून बघा, मग एकेक करत डाव्या हाताच्या करंगळीवर यंत्र एकदाचं हिरवं झालं. करार फोनवर आला तेव्हा तिने मला त्याच्या तीन प्रती काढायला लावल्या, एक वरच्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात, एक भावाकडे पुण्याला आणि एक दुधाच्या जाड पिशवीत घालून, तोंड मेणबत्तीवर वितळवून बंद करून, पत्र्याच्या पेटीत.